हाताने चालवला की बॅकअप होतो, रात्री होत नाही: लिनक्स, मॅक आणि विंडोजवर रेस्टिक

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "टर्मिनलमध्ये कमांड दिली की बॅकअप नीट होतो, वेळापत्रकावर टाकला की होत नाही." कधी तो अजिबात होत नाही, कधी अर्धवट होतो. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे रोज झाल्यासारखा दिसतो आणि सहा महिन्यांनी एखादी फाइल परत काढायला जावं तर आख्खा डॉक्युमेंट्स फोल्डर त्यात नसतो.

मी एका छोट्या प्रकाशन संस्थेची संगणक व्यवस्था बघतो. उबंटूचा एक सर्व्हर, पानं लावायला दोन मॅक, हिशेब आणि पत्रव्यवहारासाठी विंडोजची तीन यंत्रं. बॅकअपला सगळीकडे रेस्टिक हा प्रोग्रॅम. बोर्ग हा तसाच दुसरा प्रोग्रॅमही मला आवडतो, पण तो विंडोजवर थेट चालत नाही आणि हिशेबाच्या टेबलावर मला लिनक्सचा थर चढवायचा नव्हता. रेस्टिक गो भाषेत लिहिलेला आहे, सुटसुटीत एकच फाइल, तिन्ही प्रणालींवर त्याच कमांड. त्यामुळे वाटलं होतं की एकदा स्क्रिप्ट लिहिली की तीच सगळीकडे चालेल. कमांड खरंच तीच चालते. पण रात्री ती चालवणारा वेगळा असतो: त्याचं नाव वेगळं, घर वेगळं, परवानग्या वेगळ्या. दुरुस्तीला बसण्याआधी हा चालवणारा कोण ते शोधा, निम्मं काम तिथेच होतं.

खाली कमांड आणि पर्यायांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यायची.

आधी रात्रीचा माणूस ओळखा

वेळापत्रकातल्या कामात बॅकअपच्या आधी दोन ओळी घाला. लिनक्स आणि मॅकवर "आयडी" आणि "एन्व्ह" या कमांड, विंडोजवर "हू-ॲम-आय" आणि "सेट". चौघींचं उत्तर एका फाइलीत जाऊ द्या. मग त्याच कमांड स्वतःच्या टर्मिनलमध्ये चालवा आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आमच्या सर्व्हरवर हे केलं तेव्हा हाताने चालवलेल्या यादीत तीसेक ओळी होत्या, क्रॉनच्या (लिनक्सवर ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेच्या) यादीत जेमतेम सहा. पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, फक्त यूएसआर-बिन आणि बिन. रेस्टिक-रिपॉझिटरी आणि रेस्टिक-पासवर्ड-फाइल ही दोन व्हेरिएबल्स मी बॅशच्या प्रोफाइलमध्ये लिहिली होती, क्रॉन ती फाइल वाचतच नाही. म्हणजे रात्रीच्या माणसाला कोठाराचा, म्हणजे बॅकअप साठतो त्या जागेचा, पत्ताही माहीत नव्हता आणि किल्लीही त्याच्याकडे नव्हती.

यावर एकच पथ्य पाळायचं: वेळापत्रकातल्या कामात काहीही गृहीत धरायचं नाही. रेस्टिकचा पूर्ण मार्ग लिहा. कोठाराचा पत्ता आणि पासवर्डच्या फाइलीचा मार्ग त्या कामाच्या व्याख्येतच द्या. पासवर्डची फाइल फक्त त्या वापरकर्त्यालाच वाचता येईल अशी ठेवा. आणि तो पासवर्ड कागदावर लिहून कपाटातही ठेवा. रेस्टिकमध्ये एन्क्रिप्शन बंद करण्याचा मार्ग नाही, पासवर्ड हरवला तर तुमचा स्वतःचा डेटाही तुम्हाला कायमचा बंद.

लिनक्स

इथला सगळ्यात फसवा प्रकार दोन रेस्टिकचा. उबंटू २२.०४ वर एपीटीने, म्हणजे उबंटूच्या स्वतःच्या भांडारातून, रेस्टिक घेतला तर ०.१२.१ ही आवृत्ती येते आणि यूएसआर-बिनमध्ये बसते. नंतर कुणीतरी नवी आवृत्ती उतरवून यूएसआर-लोकल-बिनमध्ये टाकतं. टर्मिनलमध्ये नवी चालते, कारण पाथमध्ये ती आधी येते. क्रॉनला मात्र जुनीच सापडते. २०२२ साली आलेल्या ०.१४ पासून रेस्टिक नवं कोठार दुसऱ्या पिढीच्या रचनेत बनवतो, कॉम्प्रेशन त्यातच आलं. ०.१२ ला ती रचना वाचता येत नाही. मग दिवसा सगळं सुरळीत आणि रात्री "अनसपोर्टेड रिपॉझिटरी व्हर्जन". माणूस कोठार बिघडलं म्हणून घाबरतो, कोठार धडधाकट असतं. रात्रीच्या कामात "रेस्टिक व्हर्जन" चालवून बघा आणि दोनपैकी एक रेस्टिक काढून टाका.

दुसरा प्रकार सुडोचा, म्हणजे कमांड रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालवण्याचा. बॅकअप एकदा अडला म्हणून आपण हाताने सुडो लावून चालवतो, तो होतो, आपण निश्चिंत. पण कोठार जर यूएसबी डिस्कवर किंवा स्थानिक फोल्डरमध्ये असेल, तर त्या एका फेरीत तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात. रात्री साधा वापरकर्ता तिथे पोचला की "परमिशन डिनाइड". मग पुन्हा सुडो, पुन्हा तेच. आमच्याकडे हे चक्र महिनाभर चाललं. "सी-एच-ओन"ने कोठाराची मालकी एकाच वापरकर्त्याला परत द्या आणि त्यानंतर त्याच नावाने चालवायचं हे पक्कं करा. शिवाय सुडो आपली एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल्स नेहमीच्या मांडणीत पुसून टाकतो, त्यामुळे "सुडो लावला की पासवर्ड विचारतो" ही तक्रारही इथलीच.

क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल तर क्रॉन तिथे ओळ तोडतो. लॉगच्या नावात तारीख घालायला डेट कमांड वापरलेली असते, तिच्यात टक्के असतातच, आणि कमांडचा पुढचा भाग नाहीसा होतो. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा सगळं स्क्रिप्टमध्ये हलवून क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचा मार्ग ठेवा. नवीन मांडणी करत असाल तर मी क्रॉनऐवजी सिस्टिम-डी या लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेचा टायमरच सुचवेन. त्यात "पर्सिस्टंट" चालू ठेवलं की यंत्र बंद असताना हुकलेली वेळ सुरू झाल्यावर भरून निघते आणि लॉग जर्नलमध्ये आपोआप सापडतो. फक्त सेवेत होम हे व्हेरिएबल मिळालं नाही तर रेस्टिक कॅश कुठे ठेवायची म्हणून कुरकुरतो. सेवेत कॅशचा फोल्डर स्वतः नेमून द्या.

कोठार एसएफटीपीवर, म्हणजे एसएसएचने पोचायच्या दुसऱ्या सर्व्हरवर, असेल तर आणखी एक गोष्ट. ज्या नावाने काम चालणार त्याच नावाने एकदा एसएसएच करून समोरच्या सर्व्हरची ओळख मान्य करून घ्या. तुमच्या खात्याने ती मान्य केलेली असली तरी रूटच्या खात्याला तो सर्व्हर अनोळखीच असतो. रात्री "यस" टाइप करायला कुणी बसलेलं नसतं.

मॅक

मॅकवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इथे काहीच मोडलेलं दिसत नाही.

मॅकओएस मोहावेपासून, म्हणजे २०१८ पासून, मेलसारख्या जागा आणि कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ पासून, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स अशा जागाही वाचायच्या परवानग्या प्रोग्रॅमनुसार तपासतो. फाइल तुमची, खातं तुमचं, तरी प्रोग्रॅमला वेगळी परवानगी लागते. टर्मिनलला तुम्ही कधीतरी फुल डिस्क ॲक्सेस दिलेला असतो. त्यामुळे टर्मिनलमधून चालवलेला रेस्टिक त्या परवानगीच्या छत्रीखाली जातो आणि सगळं वाचतो. तोच रेस्टिक लाँच-डीने (मॅकवर वेळापत्रकाची कामं चालवणारी सेवा) रात्री उठवला की छत्री नसते आणि लॉगमध्ये "ऑपरेशन नॉट परमिटेड" येतं. साध्या परवानगीचा घोळ असता तर "परमिशन डिनाइड" दिसलं असतं. हे दोन संदेश वेगळे आहेत, एवढ्यावरूनच कारण ओळखता येतं. सी-एच-मॉडने फाइलींच्या परवानग्या बदलत बसू नका.

उपाय: सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, फुल डिस्क ॲक्सेस. अधिकच्या चिन्हावर क्लिक करा, कमांड-शिफ्ट-जी दाबून रेस्टिकचा मार्ग टाइप करा आणि तो निवडा. काही जण लाँच-डीला शेल स्क्रिप्ट देतात आणि मग बॅशलाच फुल डिस्क ॲक्सेस देऊन टाकतात. तसं करू नका. मग त्या यंत्रावरच्या इतर स्क्रिप्टनाही तेच दार उघडं राहतं. लाँच-डीच्या पी-लिस्टमध्ये, म्हणजे कामाच्या व्याख्येच्या फाइलीत, थेट रेस्टिकचा मार्ग द्या, व्हेरिएबल्स त्याच फाइलीत लिहा. तिथे टिल्डचं चिन्ह घर म्हणून उलगडत नाही, त्यामुळे यूजर्सपासूनचा पूर्ण मार्ग हवा. होमब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम बसवण्याचं साधन) बसवलेला रेस्टिक ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर ऑप्ट-होमब्रू-बिनमध्ये असतो, इंटेलच्या मॅकवर यूएसआर-लोकल-बिनमध्ये. एका मॅकची पी-लिस्ट दुसऱ्यावर जशीच्या तशी नेली की इथे ठेच लागते.

आता पुन्हा पुन्हा उद्भवणारा भाग. होमब्रूने रेस्टिक अपग्रेड केला की खरी फाइल नव्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये जाते, आणि प्रणालीच्या दृष्टीने तो नवा प्रोग्रॅम ठरतो. जुनी परवानगी त्याला लागू होत नाही. आमच्याकडे दर दोनतीन महिन्यांनी एका मॅकचे बॅकअप अचानक हलके होत, त्याचं कारण हेच होतं. आता मॅकवर रेस्टिक होमब्रूमधून "पिन" करून ठेवला आहे. अपग्रेड मी स्वतः करतो, परवानगी पुन्हा देतो आणि त्याच वेळी "लाँच-सीटीएल किकस्टार्ट"ने काम चालवून लॉग वाचतो. टर्मिनलमध्ये रेस्टिक चालवून बघणं ही चाचणी धरू नका, ते छत्रीखालीच चालतं.

मॅकचं आणखी एक: यंत्राचं नाव स्थिर राहत नाही. नेटवर्कवर त्याच नावाचं काही दिसलं की शेपटीला दोनचा आकडा लागतो, कधी राउटर भलतंच नाव देतो. रेस्टिक आधीचा स्नॅपशॉट, म्हणजे आधीच्या फेरीचा बॅकअप, शोधतो तो यंत्राचं नाव आणि फोल्डरचे मार्ग जुळवून. नाव बदललं की त्याला आधीचा सापडत नाही आणि तो सगळ्या फाइली पहिल्यापासून वाचतो. डुप्लिकेट साठत नाहीत, पण वीस मिनिटांचं काम तासन्‌तास चालतं. जुने स्नॅपशॉट काढणारा "फरगेट"सुद्धा नावांच्या गटांप्रमाणे काम करतो, म्हणजे जुन्या नावाचे स्नॅपशॉट तुमच्या नियमाने कधी हटतच नाहीत आणि डिस्क भरत जाते. "रेस्टिक स्नॅपशॉट्स" चालवा. एकाच मॅकची तीन नावं दिसली तर बॅकअपच्या कमांडमध्ये होस्ट हा पर्याय देऊन एक नाव कायमचं ठरवून टाका.

विंडोज

टास्क शेड्यूलरमध्ये "युजर लॉग-ऑन असो वा नसो" हा पर्याय निवडला की झेड ड्राइव्ह, वाय ड्राइव्ह असे जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह त्या कामाला दिसत नाहीत. ते तुमच्या लॉगिनपुरते असतात. सर्व्हरचा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. काम सिस्टिम खात्यावर टाकलं असेल तर त्याचं घर विंडोज फोल्डरच्या पोटात, सिस्टिम-३२ खाली असतं, तुमची एसएसएच किल्ली त्याला सापडणार नाही.

उघड्या फाइली हा विंडोजचा स्वतंत्र विषय. हिशेबाचं सॉफ्टवेअर रात्री उघडंच राहिलं की त्याची डेटा फाइल "दुसरी प्रक्रिया वापरते आहे" म्हणून वाचता येत नाही, आणि नेमकी तीच फाइल सर्वांत महत्त्वाची असते. "यूझ-एफएस-स्नॅपशॉट" हा पर्याय द्या. रेस्टिक मग विंडोजच्या शॅडो कॉपीतून, म्हणजे त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीतून, वाचतो. त्याला प्रशासकाचे अधिकार लागतात, म्हणून कामाच्या पानावर "हायेस्ट प्रिव्हिलेजेस" ही खूण करायला विसरू नका.

लॅपटॉपवर "फक्त एसी पॉवरवर असताना सुरू करा" ही खूण आधीपासूनच असते. "हुकलेलं काम लवकरात लवकर चालवा" ही खूण नसते. दोन्ही उलट करा. कमांडमध्ये फोल्डरचा मार्ग अवतरणात देताना शेवटी उलटी तिरकी रेघ ठेवू नका. ती शेवटच्या अवतरणचिन्हाला गिळते आणि पुढचे सगळे पर्याय मार्गाचाच भाग होऊन बसतात.

आणि शेड्यूलरच्या "लास्ट रन रिझल्ट" या रकान्यात शून्य-एक्स-तीन दिसलं तर थांबा. विंडोजच्या स्वतःच्या यादीत तीनचा अर्थ "मार्ग सापडला नाही". पण हा आकडा रेस्टिकने दिलेला असतो आणि रेस्टिकच्या भाषेत तीन म्हणजे स्नॅपशॉट तयार झाला, मात्र काही फाइली वाचता आल्या नाहीत. मार्ग तपासण्यात माझी एक आख्खी दुपार गेली, मार्ग बरोबरच होते.

हा आकडा तिन्ही प्रणालींवर सारखाच आहे. शून्य म्हणजे नीट, एक म्हणजे स्नॅपशॉट झालाच नाही, तीन म्हणजे अपुरा. २०२४ पासूनच्या आवृत्त्यांत दहा म्हणजे कोठार सापडलं नाही, अकरा म्हणजे कुलूप लागलेलं आहे, बारा म्हणजे पासवर्ड चुकला. स्क्रिप्टमध्ये चूक गिळून पुढे जाणारी ओळ कुणी लिहिली असेल तर ती आजच काढा. तीन आला की मला ईमेल येतो, त्यात न वाचलेल्या फाइलींची यादी असते. वाचायला दोन मिनिटं लागतात.

कुलपाबद्दल एवढंच: लॅपटॉप मध्येच झोपला तर जुनं कुलूप मागे राहतं. "रेस्टिक अनलॉक" शिळं झालेलं कुलूपच काढतो, तो निर्धास्त वापरा. "रिमूव्ह-ऑल" जोडून सगळी कुलपं तोडणं मात्र दुसरं यंत्र त्याच कोठारात काम करत नाही याची खात्री झाल्याशिवाय नको. स्क्रिप्टमध्ये तर कधीच नको.

मराठी नावांचा घोळ

आमच्याकडे पानांच्या "दुसऱ्या प्रती" नावाचा फोल्डर असतो. अनेक गिगाबाइटच्या पीडीएफ, बॅकअपची गरज नाही. वगळण्याच्या यादीत नाव लिहिलं होतं. सर्व्हरवर तो वगळला जाई, एका मॅकला जोडलेल्या जुन्या बाहेरच्या डिस्कवरून मात्र दर वेळी आत येई. यादीतलं नाव आणि डिस्कवरचं नाव डोळ्यांना तंतोतंत सारखं.

मग दोन्ही नावं हेक्स-डंपमधून काढली. यादीत ऱ्यातला ऱ हा एकच कोड होता, बाइट्स ई०-ए४-बी१. डिस्कवर त्याच जागी साधा र, ई०-ए४-बी०, आणि पाठोपाठ नुक्ता, ई०-ए४-बीसी. ती डिस्क एचएफएस-प्लस या मॅकच्या जुन्या फाइल-रचनेत होती, आणि ती रचना नावं साठवताना जोडाक्षरी कोड फोडून ठेवते. मॅकची नवी रचना एपीएफएस तसं करत नाही, दिलेलं नाव तसंच ठेवते. रेस्टिक वगळण्याच्या यादीशी नावं ताडताना बाइट्सच बघतो, म्हणून त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं.

एवढ्यावर संपत नाही. काही जुने कीबोर्ड हाच ऱ्या साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा लिहितात. म्हणजे दिसायला एक, लिहिण्याच्या तीन तऱ्हा. "ॲ"चंही तसंच: युनिकोडमध्ये २००८ साली आलेला स्वतंत्र ॲ, हिंदी वळणाचा ऍ, आणि अ वर चंद्र दिलेला जोड. शेतकऱ्यांची, दऱ्याखोऱ्या, कोऱ्या पावत्या... मराठी फोल्डरांच्या नावात हे अक्षर पावलोपावली येतं, त्यामुळे हा प्रश्न इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाही, आपल्यालाच सोडवावा लागेल.

सगळ्या तऱ्हा यादीत लिहिणं हा एक मार्ग, पण चौथी कुणीतरी आणतंच. मी "एक्सक्लूड-इफ-प्रेझेंट" हा पर्याय वापरतो. वगळायच्या प्रत्येक फोल्डरात "नो-बॅकअप" नावाची, साध्या रोमन अक्षरांतली एक रिकामी फाइल ठेवली. ती दिसली की रेस्टिक त्या फोल्डरमधलं बाकी सगळं सोडून देतो. नाव कसंही लिहिलेलं असो, तिन्ही प्रणालींवर हे चालतं, आणि पानं लावणाऱ्या ताईंनाही न विचारता स्वतः करता येतं.

परत काढून बघताना

दर महिन्याला मी प्रत्येक यंत्रातली एक फाइल "रिस्टोअर" करून उघडतो, आणि "चेक"ला कोठाराचा दहावा हिस्सा वाचायला लावतो, दर वेळी पुढचा. इथेही प्रणालींमधला फरक आडवा येतो. लेखांच्या फाइलींना आमच्याकडे लेखाचंच शीर्षक देतात. मॅकवरच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला ते नावात चालत नाही, त्यामुळे मॅकचा स्नॅपशॉट विंडोजवर उलगडताना नेमक्या त्या फाइली अडतात. उलट बाजूने, लिनक्सच्या ईएक्सटी-४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट्सची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळं धरून ८५ चिन्हांत मर्यादा संपते. विंडोजवर त्याहून लांब शीर्षक आरामात बसतं, बॅकअपही होतो, आणि लिनक्सवर काढायला गेलं की "फाइल नेम टू लाँग".

म्हणून ज्या प्रणालीवरून बॅकअप घेतला त्याच प्रणालीवर तो काढायचा असा नियम ठेवला आहे. घाईत दुसरं यंत्रच हाताशी असेल, तर "डम्प"ने ती एक फाइल आडव्या बाणाने (>) नव्या, आखूड नावात ओतून घ्यायची. विंडोजवर हे करताना पॉवरशेलऐवजी साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा. पॉवरशेलची ५.१ ही आवृत्ती आडव्या बाणाने लिहिताना मजकूर समजून एन्कोडिंग बदलते, आणि पीडीएफ हातात येते पण उघडत नाही.